फ्लोरिसंटचं फुलपाखरू आणि सॅम्युअल स्कडर

कोरांटी

गेल्या महिन्यात आई इथे कोलोरॅडोत आली होती, तेव्हा तिला घेऊन फ्लोरिसंटला गेले. पाइक्स पीक या डोंगराच्या पश्चिमेला, आठ हजार फुटांहून जास्त उंचीवर गवताचं एक शांत खोरं आहे. वर फारसं काही दिसत नाही, जे आहे ते बहुतेक खाली. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी शेजारच्या ज्वालामुखीचा चिखल वाहत आला आणि त्याने ओढा अडवला. मागे तळं साचलं. राखेतली सिलिका पाण्यात उतरली की डायटम नावाची सूक्ष्म शैवालं माजायची, आणि त्यांच्या चिकट थरात पाण्यावर पडलेले किडे अडकून तळाशी जायचे. वरून पुन्हा राख. राख, डायटम, राख, डायटम, असं शेकडो वेळा होऊन जो खडक तयार झाला त्याला इथे कागदी शेल म्हणतात, शेल म्हणजे पातळ थरांचा गाळाचा खडक. नाव अगदी खरं आहे.

शेजारच्या एका खासगी खाणीत पैसे भरून हा दगड उलगडू देतात. हातोडा लागत नाही. तुकडा उभा धरायचा, कडेला पातळ सुरीचं पातं घालायचं आणि हलकेच दाबायचं, भिजून चिकटलेली वहीची पानं सोडवतो तसं. आईने आधी एक पान काढलं आणि मग एक माशी. पंखाच्या शिरासुद्धा दिसत होत्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे पहिल्यांदा कोणी पाहिलं असेल गं?"

तिच्या त्या प्रश्नामुळे हा धागा.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांत शार्लट हिल ही शेतकरीण होती. तिच्याबद्दल खाली लिहिते. पण या किड्यांना ओळख दिली ती बॉस्टनच्या सॅम्युअल हबर्ड स्कडर यांनी. जन्म १३ एप्रिल १८३७. विल्यम्स कॉलेजातून १८५७ मध्ये पदवी घेतली आणि मग हार्वर्डला लुई अगासीझ यांच्याकडे गेले. अगासीझ म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ, माशांचे आणि हिमनद्यांचे अभ्यासक.

तिथला पहिला दिवस स्कडर यांनी स्वतः लिहून ठेवलाय. विशीतला पोरगा गुरूला सांगतो की मला कीटकांचा अभ्यास करायचाय. गुरू बरणीतून एक मासा काढून समोर ठेवतात, "बघ" म्हणतात आणि निघून जातात. भिंग वापरायचं नाही, कुठलंही हत्यार नाही, फक्त डोळे आणि बोटं. दहा मिनिटांत पोराचं सगळं बघून झालं. गुरूंचा पत्ता नाही. तासभर गेला. कंटाळून त्याने माशाच्या तोंडात बोट घालून दात किती धारदार आहेत ते पाहिलं, खवल्यांच्या ओळी मोजल्या आणि शेवटी चित्र काढायला घेतलं. चित्र काढू लागल्यावर नवं नवं दिसायला लागलं. अगासीझ परत आले, चित्र काढतोयस हे बरं केलंस म्हणाले, पण सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं की सर्वांत ठळक गोष्ट तुला अजून दिसलेलीच नाही. मासा न बघता घरी जा आणि विचार कर. रात्रभर डोक्यात मासा. सकाळी पोराने भीत भीत विचारलं, "दोन्ही बाजू सारख्या आहेत, अवयव जोडीजोडीने आहेत, हेच का?" गुरू खूश. आता पुढे काय करू? तर पुन्हा तेच, बघ. तीन दिवस तो एक मासा आणि मग आठ महिने त्याचे भाऊबंद. कीटकशास्त्रातला आपल्याला मिळालेला सर्वांत चांगला धडा हाच, असं स्कडर पुढे म्हणायचे.

मला वाटतं त्यांचं पुढचं सगळं आयुष्य या आठ महिन्यांतून निघालं. दगडातल्या किड्याचं धड शरीर बहुतेक वेळा नसतंच, असतो एखादा पंख, तोही अर्धा. त्या अर्ध्या पंखाच्या शिरांच्या मांडणीवरून हा प्राणी कोण हे सांगायचं म्हणजे बघण्याचा सराव किती हवा!

१८७७ च्या उन्हाळ्यात ते फ्लोरिसंटला आले. मुक्काम जेमतेम काही दिवसांचा. पण नमुने इतके मिळाले, की स्वित्झर्लंडजवळच्या ओनिंगेनच्या प्रसिद्ध खाणींतून तीस वर्षांत निघाले त्याच्या दुपटीहून जास्त इथे एका उन्हाळ्यात हाती आले, असं त्यांनी नोंदवलं. पुढची तेरा वर्षं ते त्या दगडांवर बसले, आणि १८९० मध्ये उत्तर अमेरिकेच्या टर्शरी काळातल्या, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या, कीटकांवरचा त्यांचा सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ आला. मुंग्या, कोळी, भुंगे, ढेकूण, माश्या. दरम्यान १८८६ ते १८९२ ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणात पुराजीवशास्त्रज्ञ होते. जगभरातल्या तोवर ज्ञात जीवाश्म कीटकांची सूचीही त्यांनी १८९१ मध्ये काढली. त्यांनी वर्णन केलेल्या जीवाश्म कीटकांच्या जाती हजारावर जातात.

त्यातलं एक फुलपाखरू मात्र वेगळं काढून सांगायलाच हवं. प्रोड्रायस पर्सेफोनी. पंख पसरलेले, पंखांवरची नक्षी शाबूत, खवलेसुद्धा दिसतात. स्कडर यांनी १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. पर्सेफोनी म्हणजे ग्रीक कथेतली, पाताळात नेलेली आणि दर वसंतात पुन्हा वर येणारी मुलगी. दगडातून वर आलेल्या फुलपाखराला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही. ते आता हार्वर्डच्या संग्रहालयात आहे.

वैयक्तिक आयुष्य मात्र सुखाचं गेलं नाही. लग्न १८६७ मध्ये झालं आणि पाच वर्षांत पत्नी गेली. एकुलता मुलगा शिकून डॉक्टर झाला आणि १८९६ मध्ये तोही गेला. त्याच सुमारास स्कडर यांना कंपवाताने गाठलं. ज्या हाताने माशाचे खवले आणि झुरळाच्या पंखाच्या शिरा काढल्या त्याच हाताचं काम हळूहळू थांबलं. संग्रह आणि पुस्तकं त्यांनी देऊन टाकली. १७ मे १९११ ला केंब्रिजमध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या, ते वारले.

---

पाखरू

सुरेख लिहिलंय. भर घालते. आपण ज्याला मोनार्क म्हणतो, ते हजारो मैल स्थलांतर करणारं केशरी-काळं फुलपाखरू, त्याचं मोनार्क हे नाव स्कडर यांनीच १८७४ मध्ये छापलं. आकाराने मोठं आणि त्याचा मुलूख अफाट, म्हणून ते सम्राट. आपल्याकडे रुईवर जे केशरी प्लेन टायगर दिसतं ते त्याच प्रजातीतलं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातलं, डॅनॉस. सुरवंट दोघांचेही चिकाच्या झाडांवर वाढतात.

हे नाव देणं सहज सुचलेलं नव्हतं. लॅटिन नावांमुळे सामान्य माणूस फुलपाखरांपासून लांब राहतो, म्हणून प्रत्येकाला बोलीतलं नाव हवं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे मराठी नावांचं काम अलीकडे सुरू झालं. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, आणि पुढे त्याचं नीलवंत हे नाव लोकांच्या तोंडी आलं. माझी भाची आता तेच म्हणते, इंग्रजी नाव तिला ठाऊकही नाही. त्यामुळे स्कडर यांची ती धडपड मला फार जवळची वाटते.

त्यांचा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, फुलपाखरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८८८-८९ चा, पदरचे पैसे घालून छापलेला. अंडं, सुरवंट, कोष, फुलपाखरू, शिवाय त्याला खाणारे परजीवी, हे सगळं एकेका जातीसाठी. अंड्यावरच्या रेघासुद्धा मोजून. नाबोकोव्ह या कादंबरीकाराने लहानपणी तो ग्रंथ वाचला होता, आणि पुढे ते ज्या संग्रहालयात फुलपाखरांवर काम करायचे तेही हार्वर्डचंच.

---

टाकळीकर

लेख आवडला, पण एक बाजू राहिली. स्कडर मोठे होतेच, पण त्यांच्या सगळ्याच गोष्टी टिकल्या नाहीत. फुलपाखरांच्या प्रजाती त्यांनी इतक्या बारीक तोडल्या आणि जुनी विसरलेली नावं इतक्या हट्टाने परत आणली, की विल्यम हेन्री एडवर्ड्ससारख्या समकालीनांशी त्यांचा कायमचा वाद झाला. जीवाश्मांतही जरा फरक दिसला की नवी जात, असं त्यांच्याकडून झालंय.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. कॅनडात न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या खडकांत काही पंख सापडले. ते डेव्होनियन काळातले, म्हणजे तेव्हा ठाऊक असलेले जगातले सर्वांत जुने कीटक, असं स्कडर यांनी मांडलं. त्यातल्या एका पंखाच्या बुडाशी त्यांना किरकिर करणारा अवयव दिसला. डार्विनने हे आपल्या माणसाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात घेतलं. पुढे ते खडक त्यानंतरच्या कार्बनी काळातले ठरले, त्यामुळे वयही खाली आलं, आणि तो किरकिरणारा अवयवही नंतरच्या अभ्यासात टिकला नाही. इतकं बघणाऱ्या माणसालाही जे हवं ते दिसू शकतं.

---

कोरांटी

@टाकळीकर, हे लिहिलंत ते बरं केलंत. मला न्यू ब्रन्सविकचं माहीत होतं, पण ते गाळलं, आणि गाळायला नको होतं. एवढंच म्हणेन की रातकिड्यांच्या आवाजात हा माणूस इतका बुडालेला होता, की पंखाच्या बुडाशी जरा जाडसर शिर दिसल्यावर त्याच्या कानात किरकिर सुरू झाली असणार.

---

माळरान

त्या किरकिरीबद्दल मला लिहू दे, हा माझा आवडीचा विषय आहे. १८६८ मध्ये स्कडर यांनी नाकतोड्यांच्या गाण्यांवर लेख लिहिला आणि ती गाणी चक्क स्वरलिपीत मांडली, कुठला सूर किती लांब, मध्ये थांबणं किती. ध्वनिमुद्रणाचं यंत्र यायला अजून नऊ वर्षं होती. कानाने ऐकायचं, घड्याळ धरून मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. एका हिरव्या झुडपी नाकतोड्याबद्दल त्यांनी लिहिलंय की त्याचं दिवसाचं गाणं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. भर दुपारी सूर्यासमोरून ढग गेला की तो रात्रीचं गाणं धरतो, आणि ऊन आलं की पुन्हा दिवसाचं. कानशीवर पिसाची दांडी घासून त्या आवाजाची नक्कल करता येते आणि किडे उत्तरही देतात, हेही त्यांनी करून पाहिलं.

त्याच नाकतोड्यांच्या प्रजातीला पुढे स्टॉल या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये स्कडेरिया नाव दिलं. अमेरिकेतल्या मंडळींनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी परसात कान दिला तर अजून ऐकू येईल.

---

जुनी_पोथी

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे माझ्या दृष्टीने स्कडर यांचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. १८८२ ते ८४ मध्ये त्यांनी नोमेन्क्लेटर झुऑलॉजिकस ही सूची काढली. तोवर प्राण्यांना दिलेली सगळी प्रजातीनावं, सुमारे ८०,००० नोंदी, वर्णानुक्रमे. हे का लागतं? तर एकच नाव एकाने भुंग्याला दिलं आणि दुसऱ्याने शिंपल्याला, असं व्हायचं. नवं नाव द्यायच्या आधी ते वापरलेलं आहे का हे बघायला जुन्या याद्या अपुऱ्या पडत होत्या. संगणक नाही. सगळं हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर. मी स्वतः कार्ड तालिका लावल्यात, काही हजार कार्डं झाली की माणूस थकतो. ऐंशी हजार म्हणजे काय ते मला कळतं.

काही काळ ते हार्वर्ड कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपालही होते. आणि १८८३ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सासरे गार्डिनर हबर्ड यांनी बंद पडलेलं सायन्स हे नियतकालिक पुन्हा उभं केलं तेव्हा संपादक म्हणून यांनाच बसवलं. आज जगभरचे शास्त्रज्ञ जिथे छापून यायला धडपडतात ते हेच.

---

आंबेमोहर

स्कडर म्हटल्यावर मला वेल्लोरच्या दवाखान्याच्या आयडा स्कडर आठवल्या. त्याच घरातले का?

---

कोरांटी

@आंबेमोहर, आयडाबाई जॉन स्कडर या मिशनरी डॉक्टरांच्या नाती. ते घर न्यू जर्सीचं, आपले स्कडर बॉस्टनच्या व्यापाऱ्याचे मुलगे. पण हिंदुस्थानचा धागा यांच्याही घरात आहे, आणि तो दुःखाचा आहे. त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड मदुरेच्या मिशनमध्ये आला होता. १८६२ च्या नोव्हेंबरात पेरियकुळमजवळ पुराच्या नदीतून पोहून जाताना तो बुडाला. वय सत्तावीस. दुसरा भाऊ होरेस, जो पुढे अटलांटिक मंथलीचा संपादक झाला, त्याने डेव्हिडचं चरित्र लिहिलं. सॅम्युअलने हार्वर्डमधलं शिक्षण पुरं केलं तेही १८६२ मध्येच.

---

टाकळीकर

हे वाचून अंगावर काटा आला, कारण पुढच्याच वर्षी आमच्या नागपूरला हेच घडलं. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. मिशनरी, शाळा काढणारे आणि भूगर्भाचे वेडे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना बोरीजवळ फुगलेल्या ओढ्यात वाहून गेले.

आणि या धाग्याच्या विषयाशी त्यांचा थेट संबंध आहे. नागपूरच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचे थर सापडतात. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात झाडं, शिंपले, किडे पडले आणि वरून पुढचा लाव्हा आला. फ्लोरिसंटला राखेने झाकलं, इथे बसाल्टने. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी तिथे जमवलेल्या जीवाश्मांत भुंग्यांचे टणक पंखही होते. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूगर्भ संस्थेच्या त्रैमासिकात त्यांची वर्णनं छापली. एकाचं नाव लोमाटस हिस्लॉपी, दुसरा मेरिस्टॉस हंटेरी. म्हणजे स्कडर फ्लोरिसंटला पोचण्याच्या सतरा वर्षं आधी नागपूरच्या किड्यांना नावं मिळाली होती, आणि वयाने ते फ्लोरिसंटच्या जवळजवळ दुप्पट, साडेसहा कोटींच्या आसपास.

टाकळी आता पूर्ण शहरात गेली. वर घरं, रस्ते. माझं घर तिथेच आहे म्हणून हा आयडी.

---

शेवंता

मला शार्लट हिलबद्दल वाचायचंय. धागाकर्तीने खाली लिहिते म्हटलं आणि विसरली.

---

कोरांटी

@शेवंता, विसरले नाही, धाग्यात मावलं नाही म्हणून आता लिहिते.

नवरा अ‍ॅडम, पदरात मुलं, आणि फ्लोरिसंटच्या खोऱ्यात मिळालेली सरकारी जमीन. त्या जमिनीतच शेल. शार्लटने स्वतःच्या घरी जीवाश्मांचा संग्रह उभा केला. शास्त्रज्ञ आले तेव्हा त्यांना तयार खजिना मिळाला. प्रोड्रायस पर्सेफोनी तिलाच सापडलं. वनस्पतींचे अभ्यासक लेस्केरो यांनी तिथल्या एका जीवाश्म गुलाबाला रोझा हिली असं तिचं नाव दिलं. मोठ्या ग्रंथांत तिचा उल्लेख येतो तो ओळी-दोन ओळींचा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, घरचं सगळं करून ती दगड कधी उलगडत असेल? मला वाटतं हा प्रश्न तिच्यासारख्या बाईलाच पडतो.

ती जागा वाचली कशी हेही सांगते. सीक्वॉया या प्रचंड वृक्षांचे दगड झालेले बुंधे तिथे उभे आहेत, सर्वांत मोठ्याचा घेर अडतीस फूट. तो कापून शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात न्यायचा बेत होता, करवतीची पाती त्यात अडकली ती अजून तिथेच आहेत. १९६९ मध्ये तिथे घरांसाठी जमीन विकायला काढली, बुलडोझर यायच्या बेतात होते. एस्टेला लिओपोल्ड या पुरावनस्पतितज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले, आणि २० ऑगस्ट १९६९ ला राष्ट्रीय स्मारकाच्या कायद्यावर सही झाली. नागपूरच्या टाकळीला असं कोणी मिळालं असतं तर, हे @टाकळीकरांचं वाचल्यापासून डोक्यात आहे.

---

गवताळ_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सहावीचा वर्ग आहे. अगासीझचा मासा वाचून राहवलं नाही. उद्या शाळेच्या मागच्या गवतातून नाकतोडे पकडणार, एकेक काचेच्या बरणीत, झाकणाला भोकं पाडून, सोबत ओलं गवत. दोन मुलांत एक. पुस्तक बंद. वहीत फक्त दिसलं ते लिहायचं आणि चित्र काढायचं. संध्याकाळी सगळे सोडून देणार, दुसऱ्या दिवशी नवे. काय होतं ते इथे कळवतो.

---

माळरान

गुरुजी, जरूर कळवा. आणि मोठ्या मिशांचा व आखूड मिशांचा, असे दोन्ही प्रकार घ्या. आवाज काढायची तऱ्हा दोघांची वेगळी. लांब मिशांचे एक पंख दुसऱ्यावर घासतात, आखूड मिशांचे मागचा पाय पंखावर. आणि कान कुठे आहे हे मुलांना आधी सांगू नका.

---

गवताळ_गुरुजी

तीन दिवस झाले, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वह्यांत तेच. सहा पाय, दोन मिशा, हिरवा रंग. पाच मिनिटांत "झालं गुरुजी". मी काहीच बोललो नाही, पाठ तपासत बसलो. अर्ध्या तासाने एकाने लिहिलं की तोंडातून तपकिरी पाणी येतं. एकीने मागच्या पायावरचे काटे मोजले, दोन ओळी. चित्रं वाईट होती पण पाय बरोबर जागी यायला लागले.

दुसऱ्या दिवशी गोंधळ कमी. दोघांनी न सांगता पुन्हा चित्र काढलं. एकाच्या लक्षात आलं की पोट सारखं आत-बाहेर होतंय आणि बाजूला बारीक टिंबांची ओळ आहे. त्याला श्वासाची भोकं म्हणतात हे मी सांगितलं नाही.

आज तिसरा दिवस. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, ती बरणी घेऊन टेबलाजवळ आली. नाकतोड्याने पंख जरा उचलले होते. त्याच्या खाली, पोट सुरू होतं तिथे, तिने बोट दाखवलं. एक चकचकीत वाटोळा पडदा. मी इतकी वर्षं शिकवतोय, पुस्तकातल्या आकृतीत दाखवलाय, पण खऱ्या नाकतोड्यावर आज पहिल्यांदा पाहिला.

ती म्हणाली, "गुरुजी, इथे काच आहे. त्या बाजूला पण आहे. दोन्हीकडे एकेक. खिडकी कशाला असेल हो त्याच्या पोटाला?"

मी म्हटलं, "उद्या सांग." बरणीतला सोडला, आणि ती घरी जाताना गवतात वाकून बसलेली दिसली.